मंदाताईंचा चेहरा जुळत नाही

सोसायटीचा ग्रुप, शुक्रवार, संध्याकाळी ६.४८

देशमुख सेक्रेटरी ए-४०२: सर्व सभासदांना नमस्कार 🙏 मेन गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसलं आहे. एक तारखेपासून गेट त्यावरच उघडेल. ज्यांचे फोटो राहिलेत त्यांनी रविवारपर्यंत ऑफिसात येऊन काढून घ्यावेत. कामाच्या मावशी, ड्रायव्हर, दूधवाले, पेपरवाले यांच्या आधारची झेरॉक्स वॉचमनकडे द्यावी. तसेच गेटच्या दोन कॅमेऱ्यांचं लाइव्ह फीड पोलीस चौकीला जोडून देण्याचा विचार आहे. चौकीतून तोंडी विचारणा झाली होती. सहकार्य अपेक्षित.

शिंदे बी-६०५: उत्तम काम 👍

सी-१०२: 👏👏

कुलकर्णी काकू ए-२०३: देशमुख, सहकार्याचं नंतर बोलू. आज सकाळी आमची मंदा गेटवर वीस मिनिटं उभी होती. मी बाल्कनीतून बघत होते म्हणून खाली उतरले. पावसाची भुरभुर, डोक्यावरून पदर, चष्म्यावर पाणी. मशीन म्हणतंय पुन्हा प्रयत्न करा. तिने पदर काढला, चष्मा काढला, शेवटी कपाळावरची टिकली काढून मनगटावर चिकटवून ठेवली बिचारीने. चौथ्या वेळेला हिरवा दिवा लागला आणि नाव आलं सुनीता. सुनीता सी विंगला येते, मंदापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. वॉचमन मला म्हणतो, जाऊ द्या ना काकू, दिवा हिरवा झालाय.

सी-४०३: अय्या! म्हणजे ते तसं होतं! मला ७.४० ला मेसेज आला की सुनीता आत आली. ती तर गावाला जाते म्हणाली होती. मी फोन करून चांगली झापली तिला. म्हटलं आत आलीस आणि माझ्याकडेच तेवढी नाहीस होय. ती एसटीत रडायला लागली 😔

कुलकर्णी काकू ए-२०३: घ्या.

शिंदे बी-६०५: काकू, सुरुवातीला होतं असं. मशीन हळूहळू शिकतं. दिवाळीत माझी गाडी गेली तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी रडके इमोजी टाकले. नंतर कुणी विचारलं का?

निखिल सी-५०४: शिंदेकाका, ते फुटेज मी पाहिलंय. चोराने हेल्मेट घातलं होतं. या मशीनने फार तर हेल्मेट ओळखलं असतं. आणि पुण्यात हेल्मेट घातलेला माणूस म्हणजे तसाही संशयितच 😄

शिंदे बी-६०५: चेष्टा नको. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला तेव्हा मी नॉर्थ मेन रोडवर होतो. १७ माणसं गेली. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर पुन्हा तेच. तेव्हा सगळं शहर ओरडत होतं, कॅमेरे कुठायत म्हणून. आता लावतोय तर प्रायव्हसी आठवली. ज्याला काही लपवायचं नाही त्याने घाबरायचं कशाला?

रेणुका बी-७०२: मी सांगते कशाला. मागच्या महिन्यात पार्किंगच्या भांडणात कमिटीच्या एका सदस्याने सगळ्यांसमोर माझ्या मुलीची घरी येण्याची वेळ वाचून दाखवली. रात्री १.१०. गेटच्या लॉगमधून काढलेली. भांडण स्कूटरच्या जागेचं होतं. ती हिंजवडीत शिफ्टला असते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी चार जण एकमेकांकडे बघून हसले. आम्ही काय लपवत होतो, शिंदेसाहेब?

(बराच वेळ कुणी काही लिहीत नाही.)

शिंदे बी-६०५: ते चूकच झालं. मी त्या सभेला नव्हतो.

ॲड. पाटील बी-३०१: कोर्टातून आत्ता आले, सगळं वाचलं. कॅमेरा नकोच असं इथे कुणी म्हणत नाहीये. गाडी गेली, तक्रार झाली, पोलिसांना फुटेज हवंय. त्याला सरळ रस्ता आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४, १ जुलै २०२४ पासून लागू. आधी हेच फौजदारी संहितेचं कलम ९१ होतं. ठाण्याच्या प्रमुखाने लेखी आदेश द्यायचा, आपण तेवढं फुटेज द्यायचं. कुठली घटना, कुठली तारीख, किती ते किती. लाइव्ह फीड दिलं की त्यात घटनाही नाही आणि तारीखही नाही. ९६ घरं रोज कधी बाहेर पडतात आणि कधी परततात ते आपणहून, कागदाशिवाय, कायमचं देऊन टाकायचं.
फोन टॅपिंगचं बघा. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यातल्या १९९६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आदेश गृहसचिवांचा हवा, तो दोन महिन्यांत संपतो, वाढवला तरी सहा महिन्यांपुढे जात नाही, आणि तो योग्य होता का हे तपासायला समिती हवी. फोन ऐकायला गृहसचिवांची सही लागते. आपल्या गेटसाठी चौकीतला तोंडी निरोप पुरला.

देशमुख सेक्रेटरी ए-४०२: मॅडम, अजून जोडलेलं नाही. विचार आहे असं लिहिलंय मी.

ॲड. पाटील बी-३०१: म्हणूनच आत्ता बोलतेय.

जोशीकाका बी-१०१: टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. आणीबाणीत मी अकरावीला होतो. वडील मिसाखाली, म्हणजे विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात. पत्रं यायची ती आधी दुसऱ्या कुणीतरी वाचलेली असायची, काळ्या शाईने ओळी खोडून. एकदा आईने लिहिलं होतं, निळ्या सदऱ्याचं बटण लावलंत का. सुटून आल्यावर वडिलांनी ते पत्र दाखवलं. बटणाची ओळच खोडलेली! कुणाला वाटलं असेल काही सांकेतिक आहे. आमच्या वाड्यासमोर पानाच्या टपरीवर साध्या कपड्यातला एक हवालदार बसायचा. आई त्याला चहा पाठवायची. तो गप्पा मारायचा, दमायचा, जेवायला घरी जायचा. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं ते आम्हाला आधी कळलं.

जोशीकाका बी-१०१: पुढे. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. एकटे खन्ना विरोधात. त्या चौघांत एक यशवंतराव चंद्रचूड, जन्म पुण्याचाच. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यात तो १९७६ चा निकाल चूक होता असं ज्यांनी लिहिलं ते धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांचा निकाल मुलाने खोडला, ४१ वर्षांनी. आणि खटला आणला कुणी? पुट्टस्वामी, कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, ऐंशी उलटलेले. २०१२ ला आधारच्या विरोधात गेले होते. माझ्या वयाचे लोक सकाळी बागेत हास्यक्लब करतात.

सी-१०२: काका 🙏🙏

एक सभासद: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

कुलकर्णी काकू ए-२०३: काय होतं? मी चष्मा लावेपर्यंत गेलं.

ए-६०१: मीच काढला काकू. पेगॅससबद्दल होतं, ते हेरगिरीचं सॉफ्टवेअर लोकांच्या फोनमध्ये टाकल्याच्या आरोपांचं. मुलगा सरकारी नोकरीत आहे, म्हटलं कशाला.

देशमुख सेक्रेटरी ए-४०२: बरोबर केलंत. ग्रुपवर राजकारण नको. पाणी, पार्किंग, सुरक्षा एवढंच बोलू या.

निखिल सी-५०४: काका, हे सुप्रीम कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे, घाबरण्यासारखं काय? कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले, ५ मध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं, ते पेगॅससच होतं असं ठामपणे म्हणता आलं नाही. आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये समितीचा अहवाल बघून भर कोर्टात सांगितलं. दोन्ही बाजू लिहिल्यात मी. पण तुम्ही लिहून काढून टाकलंत ना, मला ते जास्त लागलं. अजून तर मशीन नीट चालूही झालं नाही.

ए-६०१: तुझं लग्न होऊ दे, मग बघू 😊

शिंदे बी-६०५: निखिल, तू कॉम्प्युटरवाला. मंदाताई सुनीता कशी झाली ते सांग. ते महत्त्वाचं.

निखिल सी-५०४: मशीन चेहरा बघत नाही काका. फोटोवरून आकड्यांची एक लांबलचक ओळ बनवतं आणि साठवलेल्या ओळींशी ताडून बघतं, किती टक्के जुळतंय. कितीला हिरवा दिवा लावायचा ते माणूस ठरवतो. व्हेंडरकडे तक्रारी आल्या की मशीन लोकांना अडवतंय, तर तो टक्का खाली ओढतो. मग अडवणं कमी होतं आणि मंदाताईंची सुनीता होते. वर ओढला की मंदाताई पावसात उभ्या. फुकटात दोन्ही मिळत नाही.
दिल्ली पोलिसांनी २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाला हरवलेल्या मुलांच्या शोधाबद्दल सांगितलं होतं की त्यांची यंत्रणा २ टक्के वेळा बरोबर येते. पुढे २०२२ मध्ये माहिती अधिकारात विचारल्यावर त्यांनी कळवलं की ८० टक्क्यांच्या वर जुळलं तर जुळलं असं धरतो. ८० च का, ७५ का नाही? आपल्या मशीनचा आकडा किती आहे, देशमुखकाका?

देशमुख सेक्रेटरी ए-४०२: मला असा काही आकडा सांगितलेला नाही. व्हेंडरचा माणूस म्हणाला अगदी अॅक्युरेट आहे.

कुलकर्णी काकू ए-२०३: तो काय नाही म्हणणार आहे?

सी-१०२: खरं सांगू का, आपण बोलून काय होतंय. वर जे ठरतं तेच होतं.

ॲड. पाटील बी-३०१: तसं नाही हो. सरकारचं संचार साथी ॲप आठवतंय ना? नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी आदेश निघाला की प्रत्येक नव्या फोनमध्ये ते ॲप आधीच टाकायचं. बातमी फुटली, लोक ओरडले, संसदेत गोंधळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. आठवडाही लागला नाही. ब्रिटनमध्ये कार्डिफच्या एका साध्या रहिवाशाने साउथ वेल्स पोलिसांच्या चेहरा ओळखणाऱ्या गाडीविरुद्ध खटला भरला. २०२० मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की ती वापरण्याची पद्धत बेकायदा होती, कारण कुणाला शोधायच्या यादीत टाकायचं आणि गाडी कुठे उभी करायची हे ज्या त्या पोलिसाच्या मर्जीवर सोडलं होतं. कोर्टाने तंत्रज्ञानावर बंदी नाही घातली. नियम कुठे लिहिलेत, एवढंच विचारलं.

सावंत सी-३०१: आता माझं ऐका. नोकरी सरकारी कार्यालयात झाली, आलेल्या आरटीआयना उत्तरं देण्यात दहा वर्षं गेली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प काय करतो ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. साहेब लोकांना घाम फुटायचा. कोरोनातल्या आरोग्य सेतूचंच घ्या. कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये ॲप, आणि एकाने साधं विचारलं की हे बनवलं कुणी. खात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने कारणे दाखवा नोटिसा काढल्या.
फक्त एक घोळ करू नका. सोसायटीला आरटीआय लागू नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या थलप्पलम बँकेच्या खटल्यात सांगितलंय की सहकारी संस्था नुसत्या नोंदणीमुळे सार्वजनिक प्राधिकरण होत नाही. पोलिसांना लागू आहे. अर्ज मी उद्या लिहितो. खासगी सोसायट्यांचं फीड घेण्याबाबतच्या लेखी आदेशाची प्रत. ते बघण्याचा अधिकार कुणाला. किती दिवस साठवतात. बस, तीनच. जास्त विचारलं की त्यांना टाळायला जागा मिळते. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर २० रुपयांत अपील.

शिंदे बी-६०५: पोलिसांनाच अर्ज? उगाच नजरेत येऊ.

सावंत सी-३०१: सगळं गेट दाखवायला तयार होतात, अहो. एका कागदाने काय नजरेत येणार.

ॲड. पाटील बी-३०१: आणि कमिटीसाठी वेगळं. विशेष सर्वसाधारण सभा मागायला एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात, म्हणजे आपल्याकडे २०. पाच पूर्ण दिवसांची नोटीस. विषय: लॉग कोण बघणार, किती दिवसांनी पुसणार, भांडणात वापरला तर काय, व्हेंडरच्या करारात डेटा कुणाचा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बरीच कलमं लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिलीये. त्या कायद्यात सरकारने स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची सोय करून ठेवलीये, त्यावर मी दोन तास बोलू शकते. पण आपली कमिटी म्हणजे सरकार नाही. तोवर मशीन ठेवा, सक्ती नको. वॉचमन मंदाताईंना नऊ वर्षं ओळखतो.

देशमुख सेक्रेटरी ए-४०२: मॅडम, मशीनचे पैसे दिलेत. पण ठीक आहे, चौकीचं फीड थांबवतो. सभेचं पत्र द्या.

रेणुका बी-७०२: पहिली सही माझी.

निखिल सी-५०४: ५०४.

सावंत सी-३०१: ३०१.

कुलकर्णी काकू ए-२०३: २०३. मंदा इथेच आहे, भांडी घासतेय. विचारतेय, माझा फोटो काढून टाकता येतो का.

देशमुख सेक्रेटरी ए-४०२: व्हेंडरला फोन केला. म्हणाला फोटो डिलीट होतो, टेम्प्लेट सर्व्हरवर राहतं.

कुलकर्णी काकू ए-२०३: ते काय असतं?

निखिल सी-५०४: ती आकड्यांची ओळ काकू. म्हणजे मशीनच्या दृष्टीने त्यांचा चेहराच.

शिंदे बी-६०५: मग फोटो डिलीट करून उपयोग काय?

शिंदे बी-६०५: ६०५ लिहा.

कुलकर्णी काकू ए-२०३: देशमुख, सभेला मंदा आणि सुनीता आल्या पाहिजेत.

देशमुख सेक्रेटरी ए-४०२: काकू, त्या सभासद नाहीत. उपविधीत बसत नाही.

ॲड. पाटील बी-३०१: मत देता येणार नाही. निमंत्रित म्हणून बोलावता येतं. ऑडिटरना बोलावतो तसं.

देशमुख सेक्रेटरी ए-४०२: बरं, बघतो.

कुलकर्णी काकू ए-२०३: बघू नका. नोटिशीत लिहा. आणि सभा सकाळी ठेवू नका, त्यांची कामाची वेळ असते.