मदत हवी आहे : एलएलबीच्या पहिल्या वर्षासाठी बेअर अ‍ॅक्टच्या जोडीला काय घ्यावं?

मंडळी, नोकरी सांभाळून तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतलाय. बी.ए. मराठी माध्यमातून झालं, त्यामुळे इंग्रजी वाचता येतं, पण वेग बैलगाडीचा.

कॉन्ट्रॅक्टसाठी १८७२च्या करार कायद्याचा बेअर अ‍ॅक्ट (म्हणजे स्पष्टीकरणाशिवाय कायद्याचा नुसता मूळ मजकूर) आहे. कलम १० (कोणता करार कायदेशीर धरायचा) चार वेळा वाचलं, पण डोक्यात शिरलं ते मोहरी बीबीचा १९०३चा खटला वाचल्यावरच. अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलाचा करार मुळातच रद्द, हे एकदम लख्ख झालं. म्हणजे मला खटल्यांच्या गोष्टीतून कायदा कळतो. असं सोप्या भाषेत खटले सांगणारं, पण फार जाडजूड नसलेलं पुस्तक कोणी वापरलंय का? मराठी असलं तर सोन्याहून पिवळं, फक्त इंग्रजी संज्ञा सोबत हव्यात.

दुसरी अडचण जुन्या नोट्सची. एका सीनियरने प्रेमाने गठ्ठा दिला. त्यात फौजदारीला अजून जुन्या दंड संहितेची ३०२ आणि ४२० कलमंच! १ जुलै २०२४पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे, खून आता १०३मध्ये. टॉर्टसोबतचा (टॉर्ट म्हणजे नुकसानभरपाई मागता येते अशी दिवाणी चूक) ग्राहक संरक्षण कायदाही १९८६चाच; २०१९चा नवा कुठेच नाही. विशिष्ट अनुतोष कायद्यातली (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, उदा. करार प्रत्यक्ष पाळायला लावणं) २०१८ची दुरुस्तीही गायब. हा गठ्ठा रद्दीत घालू, की टॉर्टची तत्त्वं वाचायला ठेवू?

गाइडवर फक्त परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विसंबलं तर चालतं का? बजेट हजार-बाराशे.