किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी कोण कुठे होतं, असा विषय निघालाय. आम्ही सोलापुरात. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते, मिरवणुकीतून येऊन नुकता कुठे डोळा लागलेला. पहाटे चारच्या सुमारास फडताळातली भांडी धडाधड खाली आली. वडील ओरडले, "बाहेर व्हा आधी!" अख्खी गल्ली रस्त्यावर, निम्म्यांच्या कपाळाला गुलाल तसाच. उजाडेपर्यंत चर्चा कुणाच्या भिंतीला किती चिरा गेल्या याचीच. लातूर-उस्मानाबादकडच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा सगळ्यांची वाचाच बसली.

धक्का प्रचंड होता म्हणून एवढी माणसं गेली, असं कुणी म्हणतं, ते मात्र अर्धंच खरं. तीव्रता ६.२ च्या आसपास होती, म्हणजे जोरदार, पण प्रचंड नव्हे. जवळपास दहा हजार जीव गेले त्यात घरांचा वाटा मोठा. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत झोपेत अंगावर आलं. शिवाय आपल्या पठाराला भूकंपाचं भय नाही हा समज, तोही १९६७ साली कोयनेचा दणका खाऊन! नंतर गावं नव्या जागी वसवली, पण कित्येकजण पक्कं घर सोडून पत्र्याच्या शेडमध्येच झोपत राहिले.