मदत हवी आहे: सांगलीचा डॉग शो, कारवानीला घेऊन किती वाजता पोचावं?

जतकर

नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी सांगलीत कृषी प्रदर्शनात डॉग शो ठेवलाय, पत्रक व्हॉट्सॅपवर फिरत फिरत आमच्यापर्यंत आलं आणि घरातल्यांनी उचल खाल्ली की आपल्या वाघ्याला न्यायचंच. वाघ्या म्हणजे आमचा कारवानी (देशी शिकारी कुत्र्याची जात), सव्वा वर्षाचा, अंगाने एकदम सडसडीत, पळायला लागला की नजर ठरत नाही. पण आजवर जत सोडून कुठं गेलेला नाही आणि माणसांच्या गर्दीत तर कधीच नाही.

पत्रकात लिहिलंय नोंदणी सकाळी ८ ते १०, परीक्षण १० पासून, बक्षीस वितरण संध्याकाळी ५ वाजता. बस, एवढंच. कुठली जात कधी, काही नाही. आम्ही जतहून नागजला हायवेला लागणार, मग कवठेमहांकाळ, मिरज, सांगली. मोकळा रस्ता असला तर दोन सव्वादोन तास, पण सध्या कारखाने चालू आहेत, उसाच्या डबल ट्रॉल्या आणि त्यांना मागं लाल दिवा नाही का रेडियम नाही, त्यामुळं अंधारात गाडी हाणायला नको असं आण्णांचं म्हणणं. काका म्हणतात आठ म्हणजे आठला गेटवर पाहिजे, नाहीतर नंबर संपतात. आई म्हणते मिरजेला आत्याकडं आदल्या रात्रीच जावा मुक्कामाला. आत्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि वाघ्याने जिना हा प्रकार अजून बघितलेला नाही.

त्यात संध्याकाळी सहाला धारा काढायच्या असतात, म्हणजे तीन साडेतीनला सांगली सोडावी लागणार. तर नेमकं किती वाजता पोचावं, तिथं किती वेळ जातो आणि मधेच निघता येतं का? आणि हा गाडीत वांती करतो, त्यावर पण काही असेल तर सांगा. आधी कोणी गेलं असेल त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

रिंगसाईड

सविस्तर मागितलंय म्हणून सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून दे.

पहिलं म्हणजे पत्रकावरची वेळ ही माणसांसाठी असते. नोंदणीच्या टेबलावर रांग लागते ती साडेनऊ ते दहाच्या मधे, कारण सगळे शेवटच्या अर्ध्या तासात येतात. आठ-सव्वाआठला गेलास तर दहा मिनिटांत नंबर हातात. पण नंबर मिळाला म्हणजे लगेच रिंग (परीक्षक कुत्री बघतात ती आखलेली जागा) असं नाही रे, लोकल शोमधे उद्घाटन, नारळ, पाहुण्यांचे सत्कार, मग माईक टेस्टिंग, दहाचे अकरा सहज होतात. तेवढा वेळ तुझा कुत्रा स्पीकरच्या शेजारी उभा राहिला तर रिंगमधे जाईपर्यंत त्याची शेपटी पोटात गेलेली असेल. आणि हाउंड म्हणजे असा शिकारी कुत्रा एकदा बुजला की त्या दिवशी परत खुलत नाही.

म्हणून दोघंजण तरी जा. सकाळी नोंदणी, डॉक्टरांची तपासणी उरकली की वाघ्याला मैदानापासून लांब न्यायचं, झाडाखाली, जिथं आवाज कमी तिथं, आणि तिथं नुसतं बसून राहायचं. दुसऱ्याने रिंगपाशी थांबून अनाउन्समेंट ऐकायची. आपल्या आधी तीन-चार कुत्री राहिली की फोन करायचा, मग आणायचं. एका कुत्र्याला परीक्षक साधारण दोन-तीन मिनिटं देतात, तुझ्या आधी चाळीस एंट्र्या असतील तर दीड-दोन तास धरून चाल. रिंग दोन असतील, परीक्षक दोन असतील तर गणित बदलतं, ते तिथं गेल्या गेल्या विचारायचं.

मुक्कामाला जाऊ नकोस. नवीन घर, लिफ्टचा आवाज, खाली भटकी कुत्री, रात्रभर झोपणार नाही तो आणि आत्याचे शेजारी पण झोपणार नाहीत.

लॅबवाली

+१ मुक्काम नको. आमची लॅब म्हणजे लॅब्राडोर आहे, ती कुठंही घोरत पडते, पण देशी हाउंडचं तसं नसतं.

कोल्हापूरला आम्ही एका शोला गेलो होतो तिथं आधी पपी क्लास म्हणजे पिल्लांचा गट, मग छोट्या जाती म्हणजे पग, शित्झू, पॉमेरेनियन, आणि मोठे सगळे जेवणानंतर. दुसऱ्या ठिकाणी बरोबर उलटं, मोठे आधी घेतले, कारण ऊन. त्यामुळं अंदाज बांधत बसू नका, शनिवारी संध्याकाळी आयोजकांना फोन करून सरळ विचारा की देशी जाती कितव्या नंबरला घेणार. शुक्रवारी विचारून उपयोग नाही, त्यांचंच ठरलेलं नसतं.

गोठा_ते_मैदान

आण्णा बरोबर बोलत्यात. पहाटे चारला निघून ट्रॉलीच्या मागं घुसण्यापेक्षा साडेपाचला निघा, नागज येईपर्यंत उजाडायला लागतंय, पुढं चौपदरी हायवे आहे. आठला सांगली.

रात्री भाकरी-दूध हलकं द्या आणि लवकर द्या, आठच्या आत. सकाळी पोटात काही नको. वांती पण त्यानंच कमी होती. गाडीत खाली पोतं, त्यावर जुनी चादर. पहाटेची थंडी असती आणि ह्या जातीच्या अंगावर चरबी नसती, बोलेरोच्या मागच्या बाजूला गार वारं लागतं, घोंगडं घ्या.

मिरजेचा_पशुवैद्य

थोडं कागदांचं सांगतो, कारण वेळ तिथंच जातो आणि परत पाठवलेले लोक बघितले की वाईट वाटतं.

रेबीजच्या लसीचं कार्ड किंवा सर्टिफिकेट, त्यावर तारीख, सही, शिक्का. नुसतं 'टोचलीय हो' चालत नाही. शनिवारी टोचून रविवारी आणणारे पण असतात, त्याला काही अर्थ नाही, पहिल्यांदाच टोचत असाल तर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला तीन-चार आठवडे लागतात. वाघ्याला गेल्या वर्षभरात झाली असेल तर प्रश्न नाही. सोबत नाईन इन वन किंवा सेव्हन इन वन ही अनेक रोगांवरची एकत्र लस झालेली असावी, कारण अशा मैदानात पार्वो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे साथीचे रोग घरी घेऊन जायला वेळ लागत नाही. खोकला, जुलाब, अंगावर खरूज असेल तर आणूच नका, गेटवरच थांबवतात. घरी दुसरी पिल्लं असतील आणि त्यांचं लसीकरण पूर्ण नसेल तर आल्यावर हातपाय धुवून, कपडे बदलूनच त्यांच्याकडं जा.

सकाळी उपाशी ठेवण्याचं वर सांगितलंय ते अजून एका कारणासाठी बरोबर आहे. खोल छातीच्या कुत्र्यांना भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून पीळ पडू शकतो, तो प्रकार जिवावर बेततो. रिंगमधे त्याला दुडक्या चालीत पळवावं लागणारच. पाणी मात्र थोडं थोडं देत राहा, घरचंच कॅनमधे भरून घ्या. वांतीसाठी गोळी लागलीच तर आपल्या डॉक्टरांना वजन सांगून विचारून घ्या. गुंगीची देऊ नका. कुत्रा झोकांड्या खात रिंगमधे आला तर परीक्षक काय बघणार? त्यापेक्षा रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं गाडीत फिरवा, आठवडा आहे हातात.

बंद गाडीत एकट्याला ठेवून चहाला जाऊ नका, पाच मिनिटं सुद्धा नाही. सकाळी गार वाटतं म्हणून लोक काचा लावून जातात आणि अकरा वाजता ऊन चटकायला लागतं.

पुणेरी_पग

तुम्ही लोक गावातल्या शोला फारच सिरीयस घेताय असं नाही वाटत? :) पुण्यात केनेल क्लब ऑफ इंडियाच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) नियमांनी होणारे चॅम्पियनशिप शो असतात तिथं एंट्री आधीच बंद होते, रजिस्ट्रेशनचे कागद लागतात, मायक्रोचिप लागते, छापील कॅटलॉग, कुठला गट कुठल्या रिंगमधे ते आधी कळतं. तिथं वेळेचं नियोजन करण्यात अर्थ आहे. इथं जा, फिरा, भेळ खा, या.

रिंगसाईड

@पुणेरी_पग वेळापत्रक छापलेलं नसतं म्हणूनच तर नियोजन करावं लागतं ना. छापलेलं असेल तिथं कुणीपण वेळेवर जाईल.

@जतकर एक राहिलं. टेबलावर नोंदणी करताना जात काय लिहितात ते डोळ्यांनी बघ. केनेल क्लब ऑफ इंडियाकडं तुझा कुत्रा 'कारवान हाउंड' आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबकडं 'मुधोळ हाउंड'. २००५ साली पोस्टाची तिकिटं निघाली त्यावर पण मुधोळच. आता तिथला कार्यकर्ता माईकवर मुधोळ म्हणून पुकारणार आणि तू कारवानीची वाट बघत लांब झाडाखाली. लांब केस असले तर पशमी म्हणून वेगळा क्लास पण काढतात कधी कधी. त्यामुळं नावापेक्षा आपला नंबर लक्षात ठेव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दात. परीक्षक ओठ वर करून दात बघणार, अंगावरून हात फिरवणार, नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली आहेत का ते चाचपणार. ह्या जातीला परक्याचा हात अजिबात खपत नाही. आजपासून रोज शेजारच्या, मामाच्या, दूधवाल्याच्या हातून करून घे, डाव्या हाताने जबडा धरायचा, उजव्या अंगठ्याने ओठ उचलायचा, सोडला की लगेच खाऊ.

जतकर

बापरे, एवढं असतं होय. दाताचं आत्ताच करून बघितलं, मला आणि आण्णांना करू देतो, काकांवर गुरगुरला. काकांचा चेहरा बघण्यासारखा झालता. उद्यापासून दूधवाला.

लस झालीय, श्रावणात सरकारी दवाखान्यात टोचली, कार्ड पण आहे, त्यावर शिक्का आहे का ते बघतो. तीन साडेतीनला निघता येईल का हे अजून कुणी सांगितलं नाही. धारांचं काय करू? म्हशी रविवार बघत नाहीत.

लॅबवाली

निघता येतं, पण कधी ते तुमच्या वाघ्यावर आहे. आधी आपल्या जातीत. तिथं पहिला आला नाही तर तुम्ही मोकळे, दुपारी दोनला पण निघा. पहिला आला म्हणजे बेस्ट ऑफ ब्रीड, तर मग पुढच्या फेरीला थांबावं लागतं आणि शेवटी बेस्ट इन शो म्हणजे सगळ्या जातींत पहिला, ते पाचच्या आधी कधीच होत नाही, पत्रकात पाच म्हणजे सहा धरा. पुकारल्यावर हजर नसला तर गेला चान्स, दुसऱ्या दिवशी कोण देत नाही. त्यामुळं धारांना शेजारी कुणाला तरी आत्ताच सांगून ठेवा, जिंकल्यावर फोन लावत बसू नका.

गोठा_ते_मैदान

धारंला माणूस सांगायचा तर शनिवारी सकाळीच एकदा त्याच्या हातनं काढून बघा. म्हस नवा हात लागला की पान्हा चोरती, मग रविवारी त्यो तिकडनं फोनवर फोन करंल आणि तुमचं लक्ष रिंगमधे राहणार न्हाई.

आणि पट्टा. गळ्यातला रुंद कातडी पट्टा आणि साखळी रिंगमधे नको, मान झाकती. बारीक शो लीड मिळती दीड-दोनशेला, नाहीतर मऊ दोरीचा सरकता फास चालंल. पण मैदानात हिंडवताना साखळीच ठेवा, हे बेणं बुजून मान सोडवून पळालं तर बोलेरोनं पण गावायचं न्हाई.

मिरजेचा_पशुवैद्य

पट्ट्याचं अगदी खरं. ह्यांचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं, साधा पट्टा मागं सरकून निघतो. पट्ट्यावर फोन नंबर लिहून ठेवा, मार्करने लिहिला तरी चालेल.

जतकर

अपडेट. शनिवारची वाट न बघता आत्ताच फोन लावला, लागला पण. ते म्हणाले देशी जाती पहिल्या टप्प्यातच आहेत, पपी क्लास झाला की लगेच, कारण गावाकडून लांबून लोक येतात. पण तपासणीचे डॉक्टर साडेनऊपर्यंतच टेबलावर असणार, नंतर ते रिंगच्या बाजूला जातात, हे पत्रकात कुठंच नाही. म्हणजे दहापर्यंत नोंदणी हे नुसतं लिहायला.

तर ठरलं ते असं, साडेपाचला निघायचं, काका गाडीवर, मी मागं वाघ्यासोबत, मधे शिरढोणच्या पुढं एकदा पाय मोकळे करायला थांबायचं, आठ-सव्वाआठला गेट, तपासणी, नोंदणी, मग मी त्याला घेऊन मैदानाच्या मागच्या बाजूला आणि काका रिंगला. काकांना नंबरच ऐकायचा हे तीनदा सांगितलंय. धारांना शेजारचा पोरगा तयार झालाय, त्याला शनिवारी सकाळी बोलावलंय.

शनिवारी परत एकदा फोन करतोच, क्रम बदलला तर इथं टाकतो. मिरजेवरून कोण येणार असेल तर सांगा, मागं पोत्यावर वाघ्याशेजारी एक जागा आहे, पण वांतीची जबाबदारी आमची नाही.

लॅबवाली

मी येते, लॅबला घरी ठेवून, नुसतं बघायला. पोत्यावर नाही हं, काकांच्या शेजारी पुढं. पावणेआठला मिरजेत स्टँडबाहेर थांबते, तुमची बोलेरो कुठल्या रंगाची?