पहिलेच बोन्साय: पाने गळत आहेत, पाणी किती आणि केव्हा द्यावे?

प्रश्न

मला अलीकडेच एक बोन्साय भेट म्हणून मिळाले आहे. बुंध्याशी जाड, फुगीर मुळे मातीबाहेर आलेली आहेत, वर लहान, गर्द हिरवी, चकचकीत पाने आहेत आणि पान तोडले की पांढरा चीक येतो. कुंडी उथळ असून मातीवर बारीक खड्यांचा थर आहे. हे खडे एकमेकांना चिकटवलेले दिसतात. सोबतच्या चिठ्ठीवर झाडाचे नाव नाही, फक्त ‘दिवसाआड थोडे पाणी द्यावे’ एवढीच सूचना आहे. ती तंतोतंत पाळूनही घरी आणल्यापासून खालची पाने पिवळी पडून गळू लागली आहेत. झाड दिवाणखान्यात, खिडकीपासून बरेच आत, एका कपाटावर ठेवले आहे. पाणी कमी पडते आहे की जास्त होते आहे, हे कसे ओळखावे? छाटणी आणि कुंडीबदल लगेच करावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपल्या वर्णनावरून हे फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे नांदरुक, असावे. नवशिक्यांसाठी बोन्सायमध्ये याच्याइतके सोशिक झाड क्वचितच मिळते, त्यामुळे काळजीचे फारसे कारण नाही. वडाच्या कुळातील ही झाडे जागा बदलली की काही पाने टाकतात आणि नव्या उजेडाला सरावली की पुन्हा पालवतात. मात्र गळती थांबतच नसेल, तर आधी पाण्याकडे पाहावे.

दिवसाआड पाणी देण्याची सूचना विसरून जावी. झाड किती पाणी पिते, हे ऊन, वारा, हवेतील दमटपणा आणि पानांची संख्या यांवर ठरते आणि या गोष्टी रोज बदलतात. पाणी ठरलेल्या दिवशी द्यायचे नसते, रोज फक्त माती तपासायची असते. एक बारीक लाकडी काडी मातीत तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी बाहेर काढा. टोक गडद आणि ओलसर दिसले, तर त्या दिवशी पाणी नको. काडी जेमतेम दमट निघाली, तर पाणी द्यावे. माती पार कोरडी होण्याची वाट मात्र पाहू नये. काही काळाने नुसती कुंडी उचलून वजनावरूनही अंदाज येऊ लागतो.

चिठ्ठीतील ‘थोडे’ हा शब्द तर ‘दिवसाआड’पेक्षाही घातक आहे. पाणी देताना तळाच्या छिद्रांतून मोकळेपणाने बाहेर पडेपर्यंत द्यावे, काही मिनिटे थांबावे आणि पुन्हा एकदा तसेच द्यावे. असे केल्याने संपूर्ण माती भिजते, खतातील साचलेले क्षार धुऊन निघतात आणि पाणी खाली उतरताना मागून ताजी हवा मातीत शिरते. थोडे थोडे पाणी दिल्यास वरचा थर ओला दिसतो आणि खालची मुळे कोरडी राहतात. बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे.

आता उथळ कुंडीविषयी, कारण बोन्सायची निम्मी गुंतागुंत तिच्यात आहे. कोणत्याही कुंडीतून पाणी निथळल्यानंतरही तळाशी मातीचा एक थर ओलाचिंब राहतो. या थराची उंची मातीच्या कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. त्यामुळे एकाच मातीने भरलेल्या खोल कुंडीत हा थर नगण्य ठरतो, तर उथळ कुंडीत तो अर्धी जागा व्यापू शकतो आणि तिथे मुळांना हवाच मिळत नाही. बोन्सायसाठी बागेतील चिकट माती न वापरता प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), लाव्हाचे खडे, आकादामा (जपानची दाणेदार माती) किंवा विटांचा चाळलेला चुरा असे खडेदार मिश्रण वापरतात, ते याच कारणाने.

चिकटवलेले खडे आजच काढून टाका. त्यांच्यामुळे पाणी बाजूला वाहून जाते आणि मातीची अवस्था आपल्याला दिसत नाही. कुंडी तासभर पाण्यात ठेवली की डिंक बहुधा मऊ पडतो; न पडल्यास बोथट चिमट्याने कडेपासून एकेक तुकडा उचलावा.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण क्रम बदलेन. माझ्या मते पहिला दोष पाण्याचा नसून कपाटाचा आहे. आपले डोळे अंधुक उजेडाला इतके सहज सरावतात की खोलीच्या आत किती कमी प्रकाश पोहोचतो, याची कल्पनाच येत नाही. खिडकीपासून दोन-तीन पावले आत गेले तरी प्रकाश काचेलगतच्या तुलनेत अगदी थोडा उरतो. एवढ्या उजेडात झाड पुरेसे अन्न तयार करू शकत नाही, पाणी कमी ओढते, माती ओली राहते आणि मग पाण्याचे सगळे नियम पाळूनही मुळे कुजतात. तेव्हा झाड सर्वाधिक उजेडाच्या खिडकीत, अगदी काचेजवळ ठेवावे आणि तिथून रोज हलवू नये. रात्रीचे तापमान पंधरा अंश सेल्सिअसच्या वर असेल, त्या काळात फायकस बाहेर अधिक जोमाने वाढते. मात्र आतून बाहेर नेताना आधी सावलीत आणि मग हळूहळू उन्हात न्यावे, नाहीतर पाने करपतात.

हा प्रश्न पुढे वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा करतो. आपले झाड ज्युनिपर (सूचिपर्णी वर्गातील झाड) असेल, तर यातील घरात ठेवण्याविषयीचा भाग त्याला लागू नाही. ज्युनिपर बारा महिने बाहेरच हवे आणि त्याला थंडीतील विश्रांतीही लागते. त्याची आणखी एक फसवी गोष्ट अशी की, मुळे मेल्यानंतरही त्याची पालवी कित्येक आठवडे हिरवी दिसते. घरात ठेवलेले ज्युनिपर ‘छान चालले आहे’ असे वाटते, तेव्हा ते बरेचदा आधीच गेलेले असते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झाड आता खिडकीत आहे आणि खडे काढले आहेत. खाली काळसर, कोकोपीटसारखी (नारळाच्या काथ्याच्या भुशासारखी) भुसभुशीत माती निघाली. ती आता वरून इतकी सुकली आहे की पाणी ओतले असता कुंडीच्या कडेने थेट खाली उतरते. छिद्र एकच आहे. बेचक्यांमध्ये कापसासारखे पांढरे ठिपके दिसले आणि काही पाने हाताला चिकट लागतात. फांद्यांची साल नखाने किंचित खरवडली असता आत हिरवे दिसते. अशा वेळी माती बदलावी का? आणि इतक्या लहान कुंडीत झाड जास्तीत जास्त किती काळ जगेल?

उत्तर १

सालीखाली हिरवे आहे, म्हणजे फांद्या जिवंत आहेत. सुकलेले कोकोपीट सहजी पाणी शोषत नाही, म्हणून सध्या कुंडी काठाच्या वरपर्यंत पाण्यात बुडवावी आणि बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढून निथळू द्यावी. हा उपाय माती कोरडी पडली तरच करायचा आहे, रोजचा नाही.

पांढरे ठिपके हा पिठ्या ढेकूण आहे आणि चिकटपणा त्याच्याच स्रावाचा. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक ठिपका पुसून काढावा, पानांची मागची बाजू आणि सालीच्या भेगा तपासाव्यात आणि आठवड्याने हेच पुन्हा करावे, कारण अंडी पहिल्या खेपेला हमखास सुटतात. तोपर्यंत हे झाड इतर कुंड्यांपासून दूर ठेवलेले बरे.

कुंडीबदल लगेच नको. मुळांना कुजका वास येत असेल, तर मात्र थांबून चालणार नाही. तसे नसल्यास उबदार हंगामात नवी पालवी जोमाने फुटू लागेपर्यंत थांबावे. त्या वेळी जुनी माती काडीने हलकेच मोकळी करावी, बारीक मुळांपैकी जास्तीत जास्त एक तृतीयांश छाटावीत, छिद्रावर जाळी बसवावी आणि खडेदार मिश्रण मुळांमध्ये पोकळी राहणार नाही असे काडीने खोचत भरावे. कुंडी बदलायचीच असेल, तर एकाहून अधिक छिद्रे असलेली घ्यावी. नंतर दोन-तीन आठवडे झाड कडक उन्हापासून दूर ठेवावे आणि साधारण महिनाभर खत देऊ नये. फायकसला हे काम दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते. खताविषयी एवढेच की ते वाढत्या झाडासाठी असते, आजारी झाडाचे औषध म्हणून नव्हे. सध्या ते बाटलीतच राहू द्यावे.

उत्तर ३

वयाचा प्रश्न राहिला, म्हणून लिहितो. कुंडी लहान असल्यामुळे आयुष्य कमी होत नाही. मुळांची वेळोवेळी छाटणी झाल्याने नवी मुळे फुटत राहतात. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये (राष्ट्रीय वृक्षोद्यानात) एक पांढरा पाइन आहे, जो १६२५ पासून कुंडीत वाढवला जात असल्याची नोंद आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तो हिरोशिमात, स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावर होता. त्यातून तो वाचला आणि १९७६ मध्ये जपानकडून अमेरिकेला भेट म्हणून देण्यात आला.

छाटणी नवी पालवी स्थिरावल्यावरच सुरू करावी. कोवळ्या फांदीला सहा ते आठ पाने येऊ द्यावीत आणि मग ती दोन-तीन पानांवर आणावी. अशाने फांद्या दाट होतात आणि पानेही हळूहळू लहान येऊ लागतात. कापल्यावर येणारा चीक ओल्या फडक्याने टिपावा, काहींच्या त्वचेला तो खाजतो. बुंधा जाड करायचा असेल, तर मात्र एखादी फांदी न छाटता मुक्त वाढू द्यावी लागते. नवशिक्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण तेवढा काळ झाड अगदीच बेढब दिसते.

फांद्यांना वळण देण्यासाठी तार बांधण्याची घाई नको. पुढे बांधालच, तेव्हा फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची अॅल्युमिनियमची तार घ्यावी आणि सुमारे ४५ अंशांच्या कोनात गुंडाळावी. फायकसची फांदी वाढीच्या हंगामात झपाट्याने जाड होते, म्हणून तार सालीत रुततेय का, हे दर आठवड्याला पाहावे. काढताना ती उलट उलगडू नये, कारण त्या खटपटीत फांदी मोडते. प्रत्येक वेढ्याशी कात्रीने तुकडे करून ती उचलून घ्यावी.