मदत हवी आहे: वेब प्रॉक्सीमधून सांबा शेअर, बोगदा तुटला की माउंट अडकतो

शाखेतल्या उबुंटू मशीनवरून मुख्य कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरवरचा सांबा शेअर (नेटवर्कवरून वापरायचा सामायिक फोल्डर) माउंट करायचा आहे, म्हणजे इथल्याच फोल्डरसारखा जोडायचा आहे. शाखेतून बाहेर जायला फक्त स्क्विड प्रॉक्सी (मधला वेब सर्व्हर), आणि तिच्यातून थेट जोडणी मागणारी कनेक्ट विनंती फक्त पोर्ट 443 ला चालते, सांबाचं पोर्ट 445 बंद. दोन्हीकडच्या आयटीची लेखी परवानगी आहे, पण व्हीपीएन मिळणार नाही.

सध्या सर्व्हरवर एसएसएच (सुरक्षित दूरस्थ जोडणी) 443 वर ठेवून, प्रॉक्सीतून तिचा बोगदा काढून सर्व्हरचा 445 लोकल पोर्टवर आणला आहे. माउंट होतो, छोट्या फायली छान उघडतात. सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल (जोडणी जिवंत आहे का हे एसएसएच किती वेळाने तपासतं) 30 सेकंद ठेवल्यावर शांत असताना तुटणं थांबलं. पण प्रॉक्सी प्रत्येक कनेक्शन ठरावीक वेळाने तोडतेच, ती मर्यादा बदलणार नाहीत. ऑटो-एसएसएच (तुटलेला बोगदा आपोआप सुरू करणारं साधन) लगेच पुन्हा जोडतं, तरी मोठी कॉपी मध्येच मरते आणि त्या फोल्डरवर साधं एलएस (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारलं तरी टर्मिनल गोठतं.

वेबडॅव्ह (वेबवरून फायली वापरायची पद्धत) आरक्लोन या साधनाने माउंट केलं तर हे टळतं, पण आरक्लोनच्या माउंटमध्ये फाइल लॉकिंग (एकाने उघडलेली फाइल दुसऱ्यासाठी अडवणं) चालत नाही. दोघे एकच एक्सेल उघडतात, म्हणून तो मार्ग नको.

सांबाचे ड्युरेबल हॅण्डल (जोडणी तुटली तरी उघडी फाइल काही वेळ राखून ठेवणारी सोय) चालू करायला पॉझिक्स लॉकिंग (सांबाची लॉक सर्व्हरवरच्या इतर प्रोग्रामनाही दिसू देणारी सोय) बंद करावं लागतं. शेअर फक्त सांबातूनच वापरला जातो, तर ते सुरक्षित आहे का? आणि त्याने बोगदा पुन्हा जुळल्यावर अर्धवट कॉपी खरंच पुढे सरकते का?