जुनी गाडी एजंटला देताना कोऱ्या फॉर्मवर सही करावी का?

विन्या_कोथरूड: नोव्हेंबर २०२५ ला लाल किल्ल्याजवळ फुटली ती आय-२० कितीतरी हातांतून फिरलेली आणि पोलीस आधी जुन्या मालकाच्या दारात. मी वॅगनआर विकतोय, एजंट म्हणतो सह्या करून ठेवा बाकी आम्ही बघतो.

सातारी_कंदी: कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात नको रे! गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव, तारीख भरूनच सही कर, डिलिव्हरी नोटवर वेळसुद्धा टाक, तो टोलनाक्यावर काय करतो ते तुझ्या डोक्यावर नको. राज्यातल्या राज्यात विकलीस तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं काम तुझंच आहे, एजंटचं नाही.

रात्रपाळी: कागदांनी हल्ले थांबतात होय? २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांसाठी नवी मुंबईतून गाड्या चोरल्या होत्या, आणि २०१६ ला फ्रान्सच्या नीसमध्ये ८६ माणसं चिरडली तो ट्रक रीतसर भाड्याने घेतलेला. गर्दीच्या रस्त्यावर गाडी अडवणारे खांब, बोलार्ड, लावा आधी.

सातारी_कंदी: बोलार्ड हवेतच, पण माग तर कागदावरनंच लागतो ना. १९९३ ला न्यूयॉर्कच्या ट्रेड सेंटरमध्ये स्फोट झालेल्या व्हॅनचा एक तुकडा सापडला, त्यावरच्या नंबरवरून भाड्याची कंपनी कळली आणि ती भाड्याने घेणारा बहाद्दर डिपॉझिट परत मागायला गेला तिथेच सापडला.

विन्या_कोथरूड: डिपॉझिट 😂 बरं, घेणारा कोल्हापूरचा आहे, त्यालाच थेट आरटीओत बोलावतो. फास्टॅग पण आजच बंद करू का?

सातारी_कंदी: चावी देशील त्या दिवशी कर.