धरणावरचा हात, समुद्रातला मुक्काम: नांगराला साखळी किती सोडायची?

हतनूरकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. जानेवारीत आम्ही दोघं नवरा-बायको मांडव्याहून २५ फुटी शिडाची होडी घेऊन मुरूडपर्यंत रमतगमत जाणार आहोत. वाटेत नांगर टाकून चार रात्री मुक्काम. शीड दोघांनाही सांभाळता येतं, पण सगळा सराव धरणाच्या पाण्यावरचा. होडीवर १० किलोचा नांगर, ८ मिमीची ३० मीटर साखळी आणि तिला जोडलेला १४ मिमीचा ४० मीटर नायलॉन दोर आहे. होडी पाण्याखाली १.३ मीटर असते. रात्री निवांत झोपायचं तर किती सोडायचं? आणि जागा कशी निवडायची?

तापीतीर (शिरपूर)
भाऊ, सामान पुरेसं आहे. गडबड होते ती हिशोबात. धरणावर संध्याकाळी जेवढं पाणी, तेवढंच सकाळी. रायगडच्या किनाऱ्यावर उधाणात ते चार मीटरच्या आसपास वरखाली होतं.

समजा ओहोटी संपताना पोहोचलात आणि खोली ४ मीटर दिसतेय. भरतीचे ३ मीटर मिळवा. होडीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची १ मीटर, तीही मिळवा. ही हमखास विसरली जाते. झाले ८. वारा शांत असेल तर पाचपट म्हणजे ४० मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट, ५६ मीटर: सगळी साखळी आणि २६ मीटर दोर. कमी सोडलं तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि रुतलेला नांगर उचकटतो. साखळी तळावर आडवी पडलेली असेल तरच नांगराचा फाळ खाली खाली रुतत जातो.

आता उलट बाजू. भरतीला ४ मीटर बघून नांगर टाकला आणि पाणी ३ मीटर उतरलं, तर उरतं १ मीटर. तुम्हाला १.३ लागतं, म्हणजे पहाटे होडी कलंडलेली.

पंचांग हाताशी ठेवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या पाठोपाठ, भांग (पाणी सगळ्यात कमी वरखाली होतं ते दिवस) अष्टमीच्या आसपास. पहिल्या सफरीला भांगाचे दिवसच धरा, पाण्याची ओढही कमी असते. मुक्कामाचा हिशोब मात्र भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरूनच करा.

सारंगखेडेकर
जागेबद्दल. जानेवारीत पहाटे वारा जमिनीकडून येतो, दुपारनंतर वायव्येकडून. म्हणून वायव्येला आडोसा असलेली जागा हवी. तळ चिखलाचा किंवा वाळूचा असावा, खडकावर नांगर नुसता अडकतो. राजपुरी खाडीत तळ चिखलाचा आहे, पण दिघी बंदराकडे जहाजं जातात तो मार्ग सोडून राहा. डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये दिसले तिथून लांबच थांबा. रात्री जाळं पंख्यात गुंतलं की मच्छीमाराचंही नुकसान, तुमचंही.

५६ मीटर सोडले की होडी नांगराभोवती साधारण ६३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते. खाडीत भरती-ओहोटी पालटताना ती पूर्ण उलटी वळते, तेवढा मोकळा घेर आधीच बघा.

टाकताना वहिनी सुकाणूवर, तुम्ही नाळेवर. (दुसऱ्या दिवशी अदलाबदल करा, दोन्ही कामं दोघांना यायला हवीत.) इंजिनाच्या आवाजात ओरडून काही कळत नाही, हाताच्या खुणा ठरवून घ्या. वारा किंवा प्रवाह, ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे तोंड करून होडी पूर्ण थांबवा. मग नांगर हळूहळू तळाला टेकवा. होडी मागे सरकू लागली की साखळी सोडत जा. सगळी एकदम ओतली तर नांगरावरच ढीग होतो आणि ती फाळात गुंतते. ठरलेलं माप सुटलं की दोर होडीवरच्या खुंटाला बांधून इंजिन मागे चालवा, आधी मंद, मग अर्धा मिनिट जोरात. त्या वेळी ताणलेल्या दोरावर हात ठेवा: सलग ताण असेल तर नांगर रुतला, गचके-थरथर जाणवली तर तो घसरतोय. तसं असेल तर उचलून पुन्हा टाका.

किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा धरून ठेवा, माड आणि घराचा कोपरा चालेल. आडव्या दिशेच्या खुणा घ्या, त्यांचीच जागा आधी हलते. मोबाईलवर नांगराचा अलार्म लावा, होडी जागेवरून सरकली की तो वाजतो. डोलकाठीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा रात्रभर हवा. एलईडी असेल तर १२ तासांत दोन-तीन अँपिअर-तास खातो, जुना १० वॅटचा बल्ब दहा.

आणखी एक: नांगराच्या शॅकलची (साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची) खीळ स्टीलच्या तारेने बांधा. होडी रात्रभर फिरत राहते, खीळ उलगडत जाते.

भरीतप्रेमी_यावल
खाण्याचं: भरीत घरीच खाऊन निघा, होडीत वांगी भाजायला उघडा जाळ नको. शेवभाजीचा मसाला परतून बरणीत न्या, पाणी उकळलं की दहा मिनिटांत रस्सा तयार. कळण्याच्या भाकरी पहिल्या दिवसापुरत्या. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर होडीच्या तळाशी साचतो. स्वयंपाक झाला की सिलिंडरचा व्हॉल्व्हच बंद करा. गोडं पाणी माणशी रोजचं १० लिटर धरा.

हतनूरकाठ (भुसावळ)
भाऊ, दादा, मनापासून आभार. निघण्याआधी हतनूर धरणावर सराव केला तर उपयोग होईल का?

तापीतीर (शिरपूर)
नक्की. पाटबंधारे खात्याला विचारून, दरवाज्यांपासून लांब, आणि हिवाळी पक्षी उतरतात ते उथळ काठ टाळून. नांगर रुतवणं, खुणा, घेर, सगळं तिथे जमतं. साखळीवर दर ५ मीटरला रंग द्या, मोजणी चुकत नाही. बुडालेली झाडं-खुंट असतील तिथे नांगराच्या डोक्याला ८ मिमीचा वेगळा दोर आणि वर तरंगता डबा बांधा, अडकला तर उलट्या बाजूने ओढून सुटतो. समुद्रात हाच दोर वापरायचा तर पूर्ण भरतीच्या खोलीएवढा ठेवा, नाहीतर डबा पाण्याखाली जातो.